थीसिसच्या आधीचा प्रश्न

मिनिटभर चालणारी वाळूची घडी आणि तिच्यासोबत सरकवायचे काही मणी, एवढंच ते उपकरण होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ते गडचिरोली जिल्ह्यातल्या सुईणींसाठी तयार केलं. बाळाला न्यूमोनिया झालाय की नुसती सर्दी, हे खेड्यात ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, त्याहून मोठं बाळ पन्नास किंवा जास्त वेळा घेत असेल, तर उशीर करायचा नाही. पण बहुतेक सुईणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दहापर्यंत मोजता येई, पन्नासपर्यंत येत नसे. म्हणून घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा.

ही सुईण त्या मिनिटात नेमकं काय करत होती ते पाहण्यासारखं आहे. पाहिलेल्या गोष्टीचं ती आकड्यात रूपांतर करत होती. प्रत्येक बाळाला तोच वेळ, तेच माप लावत होती. आधी ठरवलेल्या मर्यादेशी तो आकडा ताडून निर्णय घेत होती. एमडीच्या विद्यार्थ्याला ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ या नावाखाली जे चार दिवस स्लाइड दाखवून शिकवतात, त्याचा गाभा याहून फार वेगळा नसतो.

आणि हा काही प्रात्यक्षिकाचा खेळ नव्हता. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी, त्यात सुईणीही आल्या, न्यूमोनिया ओळखून साधं प्रतिजैविक दिलं, तर मुलं वाचतात का, याची ती चाचणी होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. या उपचार मिळालेल्या मुलांमध्ये न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण शेकडा ०.८ निघालं, तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होतं.

वैद्यकीय संशोधन शिकवायचं कसं, या प्रश्नाला महाराष्ट्रात मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर अशा रीतीने मेडिकल कॉलेजच्या भिंतीबाहेर, निरक्षर बायकांच्या हातात सापडलं. कॉलेजच्या आत काय चालतं?

आत थीसिस चालतो. एमडी-एमएसला प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस द्यायचा असतो. विद्यार्थ्याला तेव्हा वॉर्डाचे रस्तेही नीट पाठ नसतात. आठवड्याला दोन-तीन ड्यूट्या, झोपेचा पत्ता नाही. विषय बहुधा गाईड देतो. तो अनेकदा मागच्या बॅचच्या विषयावरून बेतलेला असतो: वयोगट बदलला, एखादी तपासणी वाढवली, वर्ष पुढे ढकललं. सॅम्पल साइज स्टॅटिस्टिशियन सांगतो. दोन वर्षं केस रेकॉर्ड फॉर्म भरले जातात, काही रात्रपाळीत, काही आठवून. परीक्षेच्या सहा महिने आधी सगळं एक्सेल शीटमध्ये ओतून पुन्हा त्याच स्टॅटिस्टिशियनकडे जायचं आणि विचारायचं, “सर, पी व्हॅल्यू सिग्निफिकंट येतेय ना?” बांधणी होते, सोनेरी अक्षरं उमटतात, ग्रंथालयाच्या कपाटात एक जाड पुस्तक वाढतं. सगळेच थीसिस असे नसतात. पण हे वर्णन वाचून ज्याला हसू येणार नाही असा महाराष्ट्रातला पदव्युत्तर डॉक्टर शोधावा लागेल.

यात आळस किंवा अप्रामाणिकपणा कमी आणि शिकवण्याची उलटी दिशा जास्त आहे. विद्यार्थ्याला पडलेला नाही अशा प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून काढून घेतलं जातं.

प्रौढ माणूस मुलापेक्षा वेगळ्या रीतीने शिकतो का, यावर पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रात शंभर वर्षं खल चालू आहे. १९२६ मध्ये एडवर्ड लिंडमन या अमेरिकन समाजशिक्षकाने ‘द मीनिंग ऑफ अ‍ॅडल्ट एज्युकेशन’ लिहिलं. विषयांच्या यादीपासून नको, माणसाच्या परिस्थितीपासून सुरुवात करा, असा त्याचा रोख होता. पुढे माल्कम नोल्सने हे विचार एका चौकटीत बसवले आणि तिला ‘अँड्रागॉजी’ हे जुनं जर्मन नाव दिलं. त्याची गृहीतकं थोडक्यात अशी: हे कशासाठी शिकायचं ते प्रौढाला आधी कळावं लागतं. आपल्या शिक्षणाचा लगाम त्याला स्वतःच्या हातात हवा असतो. तो रिकाम्या हाताने येत नाही, अनुभवाची शिदोरी घेऊन येतो. आज अडलेली गोष्ट तो आज शिकतो, दहा वर्षांनी लागेल म्हणून सांगितलेली विसरतो. नोल्सच्या १९७० च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘अँड्रागॉजी विरुद्ध पेडागॉजी’ असा सामना होता. १९८० च्या आवृत्तीत त्याने ‘विरुद्ध’ काढून टाकला आणि एकाकडून दुसरीकडे जाण्याची भाषा वापरली. शाळांतल्या शिक्षकांनी त्याला ऐकवलं होतं, की मुलंही अशीच शिकतात. आपल्याच सिद्धान्ताचं शीर्षक बदलणारा लेखक विरळा.

विदर्भातल्या माणसाला यात फार नवं वाटायचं कारण नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली होती आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला होता. हाताने काम करता करता गणित, विज्ञान, भूगोल शिकायचा. ती योजना देशभर रुजली नाही, हे खरं. पण सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे नागपूरला डॉक्टर झाला, पत्नीसह अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकला आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत येऊन ‘सर्च’ काढली. तेच अभय बंग. मण्यांच्या उपकरणाची वंशावळ शोधायची तर ती नोल्सपेक्षा सेवाग्रामला जास्त जवळची निघेल.

‘सर्च’चं त्यानंतरचं काम या प्रकरणासाठी आणखी महत्त्वाचं. १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीची चाचणी झाली. ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेला. प्रयोगाच्या गावांतून शाळेत पाच ते दहा वर्षं गेलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. इथे प्रशिक्षणाचा क्रम बघावा. आरोग्यदूतांना पहिल्याच दिवशी इंजेक्शन द्यायला शिकवलं नाही. आधी नुसतं बघायला आणि लिहायला शिकवलं: गरोदर बायकांची यादी, बाळंतपणाच्या वेळी हजर राहणं, बाळाचं वजन, तापमान, श्वास, अंगावर पिणं, रडणं, पुन्हा पुन्हा भेटी देऊन तेच मोजणं. नोंदींची तपासणी वरून होत राहिली. १९९५-९६ या वर्षात ७६३ नवजात बाळांची अशी नोंद झाली. खेड्यातल्या बाळाला पहिल्या अठ्ठावीस दिवसांत घरात नेमकं काय काय होतं, याचं इतकं बारकाईचं चित्र तोपर्यंत जगात फारसं कुणाकडे नव्हतं. ज्या बाळांना ते होत होतं, त्यांतली फारच थोडी कोणा डॉक्टरच्या नजरेला पडत होती.

मगच उपचार आला. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब, जंतुसंसर्गाला जेंटामायसिनचं इंजेक्शन. ज्या बाईने आधी वर्षभर स्वतःच्या वहीत बाळं आजारी पडताना लिहिली, तिला इंजेक्शन का शिकायचं हे सांगावं लागलं नाही. प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं.

संशोधन शिकवणाऱ्यांनी या क्रमावर थांबून विचार करायला हवा. निरीक्षण आधी, त्यातून अस्वस्थता, अस्वस्थतेतून प्रश्न, मग तंत्र. थीसिसच्या कारखान्यात तंत्र पहिल्या आठवड्यात येतं आणि प्रश्न कधी कधी येतच नाही.

बेळगावचं उदाहरण याहून थोडं वेगळं आहे, कारण तिथे शिकणाऱ्या बायका अनुभवी होत्या आणि अनुभवच आड येत होता. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे नर्सबाई वर्षानुवर्षं नजरेने सांगत आल्या होत्या. पण नजर फसते. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या गटाने मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली. बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची, रक्त खालच्या निमुळत्या भागात साठतं, रेघेवर आकडा वाचायचा. नजरेचा अंदाज आणि पिशवीचा आकडा शेजारी ठेवून पाहिले, तर नजरेने सांगितलेलं रक्त सुमारे एक तृतीयांशाने कमी भरलं.

वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला व्याख्यानात सांगितलं असतं, की तुमचा अंदाज चुकतो, तर तिने मान डोलावली असती आणि मनात म्हटलं असतं, “हे कालचं पोर मला शिकवणार!” पिशवी पसरून तिने स्वतः अंदाज सांगायचा आणि मग स्वतःच रेघ वाचायची, याने वाद मिटतो. डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं ते हेच. आधी करून बघा, मग जे झालं त्यावर विचार करा, त्यातून एखादा नियम काढा आणि तो पुन्हा करून तपासा. कोल्बच्या चक्राची चकचकीत आकृती प्रत्येक फॅकल्टी डेव्हलपमेंट कार्यशाळेत दिसते. पिशवी क्वचितच दिसते.

त्या पिशवीवर बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ दरम्यान एक मोठी चाचणी उभी राहिली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणत्या पाकिटात काय आहे ते देणाऱ्या एएनएमलाही, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सलाही, माहीत नाही. गोळी द्यायची, पिशवी लावायची, वाचायचं, लिहायचं, हे सारं एएनएमनीच केलं. अतिरक्तस्राव शेकडा १२ वरून ६.४ वर आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ‘डबल ब्लाइंड’ हा शब्द एमबीबीएसच्या पोरांना पाठ असतो. रात्री दोन वाजता, कंदिलाच्या उजेडात, समोर रक्त वाहत असताना पाकीट कोणतं आहे हे न कळता शांतपणे नोंद करणं म्हणजे काय, ते त्या बायकांना ठाऊक होतं.

स्वतःच स्वतःला शिकवणारा प्रौढ हा नोल्सचा आवडता नायक. महाराष्ट्रात त्याचं नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला हा तरुण १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, फटाफट मरत. पाठ्यपुस्तकात यावर धड काही नव्हतं. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून रात्र रात्र नोंदी केल्या: उलटी, घामाने भिजलेलं अंग, थंडगार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. पुढे हृदयाला धोका होणार हे आधी सांगणाऱ्या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. १९८६ मध्ये रक्तदाबाच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीच्या वापराबद्दल पुन्हा ‘लॅन्सेट’. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रीतसर चाचणी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बावस्करांची गोष्ट सांगून झाली, की सभागृहात टाळ्या वाजतात आणि एक चुकीचा निष्कर्ष निघतो: ज्याला करायचं तो करतोच, शिकवायची गरज नाही. वस्तुस्थिती अशी, की आरोग्य केंद्रांत गेलेल्या हजारो डॉक्टरांनी तेवढेच विचित्र आजार पाहिले आणि त्यांचा कुठे एक ओळीचा मागमूस राहिला नाही. त्यांच्यात बुद्धी कमी होती असं नाही. आपण पाहतोय तो प्रश्न आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून रचना लागते, आणि स्वातंत्र्य म्हणजे सैलपणा नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘सॉर्ट-इट’ उपक्रमाने दाखवलं. पहिला वर्ग २००९ मध्ये पॅरिसला झाला. पुढे भारतात, विशेषतः क्षयरोग कार्यक्रमातल्या डॉक्टरांसाठी, त्याच धर्तीचे वर्ग भरले. प्रवेशालाच अट: स्वतःच्या कार्यक्रमातला प्रश्न घेऊन या. सुमारे वर्षभरात तीन टप्पे; पहिल्यात प्रोटोकॉल, दुसऱ्यात डेटा, तिसऱ्यात लेख. प्रत्येक टप्प्याची मुदत ठरलेली. मुदत चुकली, की वर्गाबाहेर, मग तुम्ही कुणीही असा. ठरल्या तारखेला नियतकालिकाकडे लेख धाडला तरच अभ्यासक्रम पूर्ण. प्रौढांना स्वातंत्र्य द्या, याचा अर्थ मुदत देऊ नका असा लावणाऱ्यांसाठी हे उत्तम औषध आहे. प्रश्न त्याचा, घड्याळ वर्गाचं.

व्याख्यानं पूर्ण टाकाऊ असंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चेन्नईच्या संस्थेने तयार केलेला जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना करावा लागतो. त्याने एक झालं: भंडारा असो की मुंबई, सगळ्यांच्या तोंडी तीच परिभाषा आली. ‘कोहोर्ट’ आणि ‘केस-कंट्रोल’मधला फरक सांगता न येणारे कमी झाले. पण परिभाषा येणं आणि हात चालणं यांत अंतर आहे. २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कूमारसामी आणि खान यांनी पुराव्यावर आधारित वैद्यक शिकवण्याच्या २३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. स्वतंत्र वर्ग घेऊन शिकवलं तर माहिती वाढली. कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणं यांत फरक दिसला नाही. रोजच्या रुग्णसेवेत गुंफून शिकवलं, तेव्हा चारही गोष्टी सुधारल्या.

जाता जाता एक गंमत. ‘माणूस वाचलेल्यातलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेल्यातलं २० टक्के, केलेल्यातलं ९० टक्के’ ही स्लाइड प्रौढशिक्षणाच्या बहुतेक कार्यशाळांत असते आणि खाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला, हे खरं. त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली आणि इतकी गोल गोल आकड्यांची टक्केवारी कोणत्याही खऱ्या प्रयोगातून निघत नाही, हे कुणाला खटकलं नाही. संशोधन शिकवणाऱ्या कार्यशाळेत हा आकडा बिनदिक्कत दाखवला जातो, यापेक्षा मोठा विनोद नाही. पहिल्या दिवशीचा स्वाध्याय म्हणून मात्र तो फार उपयोगाचा आहे: मूळ संदर्भ शोधून आणा. रिकाम्या हाताने परत आलेला विद्यार्थी संदर्भ तपासणं जन्मभर विसरणार नाही.

आता हे सगळं एका ठरावीक जागी लावून बघू. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव. शेजारच्या कोसऱ्याशी त्याचं नाव जोडूनच घेतात, कोंढा-कोसरा. मुलूख धानाचा. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि अशा केंद्रांत सरकारी कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण डॉक्टर बंधपत्राची सेवा करायला येतात. बहुतेकांच्या मनात नीट-पीजीचा अभ्यास असतो. वर्ष कधी संपतं याकडे डोळे.

समजा, अशा डॉक्टरला संशोधन शिकवायचंय. रोवणी आटोपलेली, निंदण सुरू आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर ओपीडीत तापाची रांग. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, तरी पाच-सात दिवस ताप उतरत नाही. नागपूर परिसरात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची मोठी साथ येऊन गेली, त्यामुळे नाव त्याने ऐकलेलं असतं. झाडाझुडपांतल्या, गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होणारा हा ताप डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. उशीर झाला तर जीव घेतो. चाव्याच्या जागी कधी कधी काळी खपली दिसते, सिगरेटचा चटका बसल्यासारखी. ती सापडली तर निदान जवळजवळ हातात. पण ती सगळ्यांना नसते, आणि असते तेव्हा काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते.

डॉक्टरला विषय सुचवायला सांगितलं, तर पहिला कागद असा येईल: ‘भंडारा जिल्ह्यातील तापाच्या रुग्णांचा अभ्यास.’ शिक्षकाने इथे लाल पेन उघडू नये. एकच विचारावं, परवा सकाळी ओपीडीत यातलं काय मोजशील? दोन दिवसांत कागद आपोआप आखडतो. ‘पाच दिवसांहून जास्त ताप असलेल्या, अठरा वर्षांवरच्या रुग्णांत पूर्ण अंग तपासल्यास किती जणांना खपली सापडते?’ हा प्रश्न लहान आहे, त्याच्या खुर्चीवरून सुटणारा आहे आणि उत्तर मिळालं तर दुसऱ्याच दिवशीपासून त्याची तपासण्याची पद्धत बदलेल.

पुढचा धडा पुस्तकातून येत नाही, एएनएमकडून येतो. गावातली बाई तरुण पुरुष डॉक्टरसमोर अंग उघडं करणार नाही. मग बायकांमध्ये खपली ‘नसते’ असा निष्कर्ष निघेल, आणि तो साफ खोटा असेल. पाहिलं नाही ते नाही असं लिहिलं गेलं: पूर्वग्रह या प्रकरणाची याहून चांगली व्याख्या कोणत्या ग्रंथात सापडणार? तपासणी सिस्टरने पडद्याआड करायची, असं ठरतं. लगेच दुसरा पेच. सिस्टरला जी खपली वाटते ती डॉक्टरला खरचटलेलं वाटते. तेव्हा पहिले काही रुग्ण दोघांनी वेगवेगळे बघायचे, बायकांसाठी दुसरी सिस्टर घ्यायची, एकमेकांचा कागद न बघता लिहायचं आणि संध्याकाळी चहाच्या वेळी ताडून पाहायचं. जिथे फरक पडला त्या रुग्णाबद्दल वाद घालायचा. दोघांचं जुळणं हे योगायोगाने जुळण्यापेक्षा किती जास्त, हे मोजायला ‘कप्पा’ नावाचा आकडा असतो, हे शिक्षकाने त्या वादानंतर सांगावं. आधी सांगितलं तर ते सूत्र राहतं; आता ते हवंहवंसं वाटतं.

मग आशाताई बोलतात. त्यांच्या पाड्यावरचे तापाचे निम्मे रुग्ण इथे येतच नाहीत, आधी जवळच्या खासगी दवाखान्यात सलाईन लावून घेतात, बरं नाही वाटलं तरच सरकारी. याचा अर्थ ओपीडीत दिसतात ते उशिराचे आणि जास्त आजारी. छेदात कोण आहे आणि कोण नाही, हा संशोधनातला सर्वांत अवघड प्रश्न इथे एका वाक्यात सुटतो, तोही नोल्सने सांगितलेल्या मार्गाने: अनुभव असलेल्याला बोलू द्यायचं.

नीतिसमितीची परवानगी, संमतिपत्र मराठीत आणि तेही आशाताईंना वाचून समजेल असं, नमुने जिल्ह्याला पाठवायची सोय, रजिस्टरमध्ये एक वाढीव रकाना, हे सगळं पाठोपाठ येतं. त्यावर रेंगाळण्याची गरज नाही. गरज पडली की ते चटकन शिकलं जातं. मध्ये कुणीतरी दर पंधरा दिवसांनी फोन करणारा मात्र लागतो. एखाद्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागातल्या अध्यापकाने व्हिडिओ कॉलवर अर्धा तास रजिस्टरची पानं बघितली तरी पुरे. गडचिरोलीत नोंदी तपासणारा माणूस गावात जात होता, हे विसरू नये. तपासणी नसली की तिसऱ्या आठवड्यात ‘आठवून भरणं’ सुरू होतं, मग विद्यार्थी एमडीचा असो की आरोग्यदूत.

या आराखड्यात काहीही नवं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं गावात शिबिराला राहतात, नेमून दिलेल्या कुटुंबांना भेटत राहतात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने आता कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या एमबीबीएसमध्ये आणला आहे. पण बहुतेक ठिकाणी त्या भेटींतून फॉर्म भरले जातात आणि लॉगबुकवर सही होते. त्या कुटुंबांकडे जाऊन एक प्रश्न घेऊन या, असं विद्यार्थ्याला क्वचितच सांगितलं जातं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. दत्तक कुटुंबांत सापडलेला प्रश्न तिथे नेता येईल, दोन्ही योजनांचा सांधा मात्र कुणी जोडलेला नाही.

पदव्युत्तर विभागांच्या प्रमुखांना एक विनंती करता येईल. पुढच्या बॅचला विषयांची यादी देऊ नका. पहिले सहा आठवडे प्रत्येकाला एक वही द्या आणि ओपीडीत, वॉर्डात जे पटलं नाही, जुळलं नाही, पुस्तकाप्रमाणे झालं नाही, ते रोज एक ओळ लिहायला लावा. त्या वहीतून सिनॉप्सिस निघू द्या. आणि थीसिस तपासताना एक जास्तीचं पान मागा: मोजमापात काय चुकलं, कधी लक्षात आलं, काय बदललं. ज्याने खरोखर मोजलं आहे, त्याला हे पान भरायला एक संध्याकाळ पुरते. ज्याने आठवून भरलं आहे, त्याला सुचणार नाही.